अंगवळणी

सशाला ताप आला नाही, एवढंच काय ते झालं. एरवी सुप्याच्या त्या सलाईनच्या कारखान्यात ताप न येणं म्हणजे सगळ्यांना हायसं वाटण्याची गोष्ट. प्रत्येक बॅचमधलं थोडं सलाईन सशांच्या कानाच्या शिरेत टोचायचं, मान लाकडी खोड्यात अडकवून त्यांना ओळीनं बसवायचं आणि दुपारपर्यंत पुन्हापुन्हा पारा बघायचा. पारा चढला तर बॅच गटारात, नाही चढला तर बाटल्यांवर लेबलं लावून टेम्पोत. पण आज तपासणी बघणाऱ्या यशोधरानं टोचलं होतं ते सलाईन नव्हतं. मेलेल्या जिवाणूंच्या कवचातून काढलेलं, मोजून पातळ केलेलं विष होतं ते. तिला कोणी सांगितलं नव्हतं. बरेच दिवस एकही बॅच नापास झाली नव्हती, आणि काही फार सुरळीत चाललं की तिला चैन पडत नसे. म्हणून शनिवारच्या अर्ध्या दिवसात तिनं सशांचीच परीक्षा घ्यायची ठरवली. दोघांचे कान गार पडले, ताप चढताना सशाचे आधी कानच गार पडतात, मग अंग थरथरलं आणि पारा वर गेला. तिसरी, ओळीत शेवटी बसलेली पांढरी मादी, तशीच बसून राहिली. यशोधरानं थर्मामीटर झटकून पुन्हा लावून बघितलं. काही नाही. मादीनं नाक हलवलं आणि तिच्याकडं बघितलं. म्हणजे ससा बघतो तसं, कुठंच न बघता.

"छगन, हिला मधे ताप आला होता का?"

सशांची देखभाल करणारा छगन पिंजऱ्यात लसूणघास टाकत होता. "कुनाला, शानीला? आल्ता की मागं एकदा. ती बॅच न्हाई का फेकली आपन. पर दुसऱ्या दिवशी खडखडीत हुती, म्हून घेतली परत खोड्यात."

"अरे, ताप आलेल्या सशाला काही आठवडे विश्रांती द्यायची असते. सांगितलं होतं ना?"

"आवो म्याडम, बाकीची लई लाथा झाडत्यात. ह्ये हात बघा माझं, मांजरानं वरबाडल्यावानी. ही हूं न्हाई की चूं न्हाई. खोड्यात घातली की बसली सासुरवाशिनीसारखी. म्हून दर टायमाला हिलाच फुडं. लई सोशिक हाय."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, कौतुक होतं. यशोधराच्या लक्षात सगळं एकदम आलं. जो ससा लाथा झाडत नाही तो छगनला सोयीचा. सोयीचा म्हणून पुन्हापुन्हा खोड्यात. पुन्हापुन्हा खोड्यात म्हणून दर बॅचबरोबर त्याच्या रक्तात थोडं थोडं विष. आणि थोडं थोडं विष मिळत राहिलं की शरीर त्याची दखल घ्यायचं सोडून देतं. विष तेवढंच असतं, ताप येत नाही. म्हणजे गेले काही दिवस कारखान्यातले सगळे सलाईन चांगलं आहे की नाही, हे एका अशा जनावराला विचारत होते ज्याला आता काहीच वाईट वाटत नव्हतं. तिनं मागच्या बॅचेसच्या खोक्यांवर लाल चिठ्ठ्या चिकटवल्या, सोमवारी नव्या सशांवर तपासणी होईपर्यंत एकही बाटली हलवायची नाही म्हणून गोदामात बजावलं, हात धुतले आणि दुपारच्या कंपनीच्या बसमध्ये येऊन बसली. आज लवकर पोचायला हवं होतं. पाथर्डीहून आई येणार होती, आणि संध्याकाळी दोघींना रविराजच्या घरी जायचं होतं, लग्नाचं पक्कं करायला.

बस पुणे रस्त्यावरून नगरकडं निघाली. खिडकीबाहेर फेब्रुवारीतली उघडी माळरानं, मधूनच कांद्याचा हिरवा तुकडा. तिच्या पर्समध्ये एक झेरॉक्स होतं, घड्यांवर मऊ पडलेलं. रविराज तिला फुलं किंवा कानातली असलं काही देत नसे. तो शोधनिबंधांची झेरॉक्स देई. पुण्याला एम.एस्सी.ला असल्यापासून. ती सूक्ष्मजीवशास्त्रात, तो प्राणिशास्त्रात. ग्रंथालयाच्या जिन्यात ओळख झाली तेव्हा त्याच्या हातात माशांच्या कल्ल्यांवरचा एक निबंध होता आणि तो तिला अर्धा तास कल्ल्यांबद्दल सांगत राहिला होता. आता तो नगरच्या एका कॉलेजात शिकवत होता आणि महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन नवीन नियतकालिकं चाळून येई. हे शेवटचं झेरॉक्स त्यानं जानेवारीत आणलं होतं. उंदरांच्या एका वाणाबद्दल होतं. या उंदरांना ते विष टोचलं तरी ताप येत नाही, काही होत नाही, हे माहीत होऊन तीसेक वर्षं झाली होती; का होत नाही ते आता कळलं होतं. पेशीच्या पृष्ठभागावर एक रिसेप्टर असतो, जिवाणूच्या कवचातली चरबी ओळखणारा. या उंदरांत त्या रिसेप्टरच्या जनुकातलं एकच अक्षर चुकलेलं होतं. "आणि गंमत बघ, यश," रविराज सावेडीच्या एका चहाच्या टपरीवर म्हणाला होता, त्याचा चहा निवून साय धरलेला, "माशीत असाच रिसेप्टर आहे. साधी फळावरची माशी. म्हणजे माशी आणि आपण वेगळे व्हायच्या आधीपासून ही ओळख चालत आलीय. कोणी शिकवावी लागत नाही. जन्मतःच असते." ती म्हणाली होती, "मग हे उंदीर नशीबवान. ताप नाही, त्रास नाही." त्यावर तो पुढं झुकला. "तेच तर! विष टोचलं तर जगतात. पण खरा जिवंत जिवाणू शिरला ना, विषमज्वराच्या कुळातला, तर बाकीच्या उंदरांच्या आधी हेच मरतात. ताप नाही म्हणून कोणी जागंच होत नाही आतमध्ये." असं सांगताना त्याचे डोळे इतके आनंदी होते की तिला त्या क्षणी त्याच्या मनगटाला हात लावावासा वाटला होता आणि तिनं लावलाही होता. टपरीवाल्यानं मान वळवली होती.

कोणी जागंच होत नाही आतमध्ये. बस चास गाव ओलांडून पुढं आली. यशोधराला आठवेना की तिला शेवटचा ताप कधी आला होता.

पहिला तर नीट आठवत होता. रविराजच्या घरी ती पहिल्यांदा गेली, दोन वर्षांपूर्वी. त्याच्या आईंनी, मनकर्णाबाईंनी, हसून दार उघडलं. शेतीवाडीचं घर, गावाकडं बागायत, नगरात दोन मजले; पण बाई साध्या, नऊवारीतून पाचवारीत आलेल्या, बोलायला गोड. ती भांडी उचलून आत न्यायला गेली तर त्या म्हणाल्या, "तू बस गं बाहेर. पाहुणी ना तू?" आणि तिच्या हातातून ताट घेतलं, हळूच, तिच्या बोटांना बोट न लावता. बस्स, एवढंच. पण त्या रात्री खोलीवर तिचं डोकं ठणकत राहिलं, कानशिलं उडत राहिली, आणि सकाळी तिनं रविराजला सांगितलं की मी परत येणार नाही. तो चकित झाला. मग दुखावला. मग म्हणाला, "आई सगळ्यांनाच पाहुणी म्हणते." आणि हे खरंच होतं, तिनं नंतर स्वतः ऐकलं. दुसऱ्या वेळी लोणचं भरणं चाललं होतं आणि ती फोडींना हात लावायला गेली, तेव्हा मनकर्णाबाई डोळे मोठे करून म्हणाल्या, "नको बाई, तू दिवसभर जंतूंत असतेस, आमचं लोणचं नासेल." सगळे हसले. तीही हसली, कारण विनोद चांगला होता, आणि जंतूंत ती असायचीच. रात्री अंग थोडं कणकणलं. संक्रांतीला हळदीकुंकवाला "तू जरा उशिरानं ये, आधी गर्दी असते" असा निरोप आला, तेव्हा फक्त भूक गेली. त्यानंतर बरंच काही झालं असणार. पण तिला आठवायचं म्हटलं तर आठवत नव्हतं, आणि हे न आठवणं आत्तापर्यंत ती आपलं मोठेपण समजत आली होती. "तू किती समजूतदार आहेस," रविराज म्हणे. समजूतदार. छगनचा शब्द तेवढा वेगळा होता.

ती स्वतःवरच चिडली. ससा तो ससा, माणूस ते माणूस. शास्त्र शिकलेल्या मुलीनं अशा उपमा बांधत बसू नये. मनकर्णाबाईंनी तिला सून करून घ्यायला होकार दिला होता. त्यांच्या भावकीत कोणी दिला असता? त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल. पण मन एकदा त्या रस्त्याला लागलं की वळत नव्हतं. त्या झेरॉक्सच्या आधी रविराजनं दिलेल्या आणखी एकात होतं की जिवाणूही गप्प बसत नाहीत. त्यांना आपलं कवच सोडता येत नाही, त्याशिवाय ते जगूच शकत नाहीत. पण शरीरात शिरल्यावर काहीजण त्या चरबीत बारीकसा फेरफार करतात. इतका बारीक की रिसेप्टर चाचपडतो. माणसांतही असंच असेल, नसेल. तिच्या आजीला लोक वरून ओंजळीत पाणी ओतत. आजी सांगायची की मला माणसाच्या चालण्यावरून कळायचं, हा आता काय बोलणार. ते ओळखायला सोपं होतं, सणसणून ताप आणणारं. आईच्या वेळी कोणी पाणी वरून ओतलं नाही, फक्त ऊसतोडीच्या तळावर यांची कोप, पाचटाची झोपडी, नेहमी सगळ्यात शेवटी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि मुकादम म्हणे, "तिथं सावली चांगली हाय, भागिरथी." आणि आता हसू, आणि पाहुणी, आणि लोणचं नासेल. दर पिढीला कवच अधिक गुळगुळीत. आणि ओळखणारं? ते त्याच वेगानं पुढं जातं का? की मधेच थकून म्हणतं, जाऊ दे, सावली चांगली आहे?

माळीवाड्याच्या स्टँडवर आई आधीच येऊन बसली होती. भागिरथीनं ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं, घड्यांच्या रेषा अजून तशाच. कुशीत पिशवी. ऊसतोड सोडून तिला चार वर्षं झाली होती, यशोधराला नोकरी लागल्यापासून, पण बसणं अजून तसंच, उकिडवं, बाकावरसुद्धा, कोणी हाक मारली की उठायच्या तयारीत.

"लई वाळलीस गं," आई म्हणाली. "त्या सशांनाच घालतीस का समदं?"

"चल, उशीर होईल."

"थांब की. पदर बरा हाय का बघ. आन ह्ये, बोरं आनलीत, मालकिनीला द्यायची का न्हाई? का नको? हसतील?"

"मालकीण काय गं! विहीण आहेस तू त्यांची."

"हां, इहीन," आई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून खुदकन हसली, नवीन चप्पल घालून बघावी तशी. रिक्षात ती सारखी बाहेर बघत होती आणि मधेच म्हणाली, "तुजा बा पायजे हुता." यशोधराचे वडील सहादू, तीन वर्षांपूर्वी गेले. शाळेत नाव घालायला त्यांनी तिला खांद्यावर बसवून नेलं होतं. कारकून म्हणाला होता, एवढं लांबलचक नाव कशाला, हाक मारेपर्यंत पोरगी पळून जाईल. आणि सहादू म्हणाले होते, "लागू द्या की वाईच येळ. आमच्या मागल्या बायांना लई झटक्यात हाका मारल्या लोकांनी." ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर सांगितली, दर वेळी स्वतःच हसत.

रविराज फाटकापाशीच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केस ओले. त्यानं वाकून भागिरथीच्या पायांना हात लावला, आणि तिनं दचकून पाय मागं घेतले. यशोधराला त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की बसमधला सगळा विचार तिला क्षुद्र वाटला. हा माणूस खरा होता. याच्या बोटांत काही फेरफार नव्हता. आत गेल्यावर मनकर्णाबाईंनी "या, या" केलं, सतरंजीवर नाही, सोफ्यावर बसवलं, स्वतः चहा आणला. रविराजचे वडील, रंगनाथराव, गावी गेले होते. "त्यांचं पाण्याचं आवर्तन नेमकं आजच आलं बघा," मनकर्णाबाई म्हणाल्या. भागिरथी लगेच म्हणाली, "व्हय व्हय, पानी सोडून कसं चालंल." बोरं त्यांनी घेतली, चांगली आहेत म्हणाल्या, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मग तारखेचं बोलणं झालं. लग्न नोंदणी पद्धतीनं, नंतर छोटं जेवण, हे आधीच ठरलेलं होतं. बुद्धवंदनाही नको आणि सत्यनारायणही नको, हा रविराज आणि यशोधराचा दोघांचा निर्णय. मनकर्णाबाईंनी कशालाच ना म्हटलं नाही. फक्त त्या बोलण्यात भागिरथीला एकदाही विहीणबाई म्हणाल्या नाहीत. "तुम्ही" म्हणत होत्या. हे यशोधराच्या ध्यानात आलं, आणि ध्यानात येऊनही आत काही हललं नाही, आणि त्या न हलण्याचीच तिला भीती वाटली.

"एवढं एकच मात्र करायचं हं," मनकर्णाबाई उठून आत गेल्या आणि एक स्टीलचं ताट घेऊन आल्या. ताटात तांदूळ पसरलेले, आणि तांदळात अंगठीच्या टोकानं अक्षरं काढलेली. पूजा. "हौस म्हणून. जेवणाच्या आधी रविराजनं असं लिहायचं आणि सगळ्यांना दाखवायचं. मी आपलं काढून बघितलं, कसं दिसतं ते. सोपं नाव आहे, हाक मारायला बरं."

रविराज हसला, थोडा लाजून. त्याला हे आधी माहीत होतं, त्याच्या हसण्यावरून कळलं. ताट भागिरथीच्या मांडीवर आलं. भागिरथी शाळेत गेलेली नव्हती, पण यशोधरानं तिला सहीपुरती, पाट्या वाचण्यापुरती अक्षरं शिकवली होती. तिनं अक्षरांवरून नजर फिरवली, काना शोधला, ओठ हलवले. मग म्हणाली, "पुजा. लई झ्याक हाय. देवाचं हाय." आणि कोयत्यानं घट्टे पडलेल्या बोटानं ताटातला एक दाणा, रेघेतून बाहेर आलेला, हळूच सरकवून जागेवर बसवला. चेहरा शांत. कपाळावर एक आठी नाही. आयुष्यभर काय काय टोचून घेतलेला तो चेहरा, आणि पारा जागचा हलत नाही.

यशोधरानं आईचं ते बोट बघितलं आणि तिला आपण दिसलो. वीस वर्षांनंतरची आपण, याच सोफ्यावर, कोणीतरी पुढं केलेल्या ताटातला दाणा सरळ करणारी; समजूतदार, आनंदी, रविराजची लाडकी. कोणी वाईट वागलेलं नसेल. पूजा म्हणून हाक आली की वळणारी. आणि मग कधीतरी खरंच काही शिरेल आत, आणि कोणी जागं होणार नाही.

"मावशी," ती म्हणाली, "मला नाव बदलायचं नाही."

"अगं, नुसती रीत! सगळ्यांचीच बदलतात. माझं नाही बदललं? माहेरची मी बनुबाई." मनकर्णाबाई खळखळून हसल्या. "आता बनू म्हणून कोणी हाक मारली तर मी ओ पण द्यायची नाही."

"जयमालावहिनींचं नाव बदललं होतं?"

जयमाला थोरली सून, रविराजच्या दादाची बायको, पुण्याला असत. यशोधरानं हे मुद्दाम शोधून विचारलं नव्हतं. सरावानं विचारलं. प्रयोगात जे बदललंय त्याच्या शेजारी न बदललेलं ठेवून बघायचं, एवढी सवय.

"तिचं कशाला बदलायचं?" मनकर्णाबाई सहज म्हणाल्या. "तिचं नाव चांगलंच होतं की."

खोलीत पंखा फिरत होता. मनकर्णाबाईंनाही आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर ऐकू आलं असावं, कारण त्यांनी ताट भागिरथीच्या मांडीवरून उचललं आणि उगाच हलवलं, आणि अक्षरं मोडली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुष्टपणा नव्हता. गोंधळ होता, भाजीत मीठ दोनदा पडलं की होतो तसला. "म्हणजे, तसं नाही गं," त्या म्हणाल्या.

"आई," रविराज म्हणाला. मग थांबला. यशोधरा त्याच्याकडं बघत राहिली. त्याला ऐकू आलं होतं, नक्की आलं होतं, त्याच्या मानेवर लाली चढली होती. आता तो जे बोलेल त्यावर सगळं होतं. तिचं पुढचं सगळं आयुष्य त्याच्या ओठांपाशी आलं होतं आणि तिला ते दिसत होतं. "यश," तो म्हणाला, "दोन्ही नावं ठेवू ना हवं तर. घरात पूजा, बाहेर यशोधरा."

ती उठली.

फाटकापाशी तो तिच्यामागं आला. भागिरथी पुढं जाऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली होती, पाठमोरी, पिशवी छातीशी धरून. रविराज हळू आवाजात बोलत होता. एक दिवसाची गोष्ट आहे. तांदूळ गोळा केले की संपलं. आईनं किती पुढं पाऊल टाकलंय बघ, भावकीतल्या एकानं तिच्याशी बोलणं सोडलंय. मी तुला कधी पूजा म्हणणार आहे का? एकेक वाक्य खरं होतं. त्यात खोडून काढावं असं तिला एकही सापडेना.

"तुला एवढा राग आलाय?" तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "नाही आला, रवी. मी वाट बघत होते, येईल म्हणून. दोन वर्षांपूर्वी मला या घरातून गेल्यावर रात्रभर झोप लागली नव्हती, आठवतं? आज काहीच झालं नाही. ताट बघितलं, वाचलं, आणि मनात आलं, अक्षर चांगलं आहे."

"मग? मग तर चांगलंच ना?"

हा माणूस माशीपासून माणसापर्यंतची ओळख टपरीवर बसून सांगू शकत होता. तिनं त्याचं ते ओलसर कपाळ, वाचून वाचून आत गेलेले डोळे बघितले. त्याला सांगायचं तर आता सगळं सुरुवातीपासून सांगावं लागलं असतं, ताटापासून, बोट न लागता काढून घेतलेल्या त्या पहिल्या ताटापासून, आणि प्रत्येक ठिकाणी तो म्हणाला असता, पण त्यात काय होतं? आणि खरंच, त्यात काय होतं? दाखवायला काहीच नव्हतं. एकेक करून घेतलं तर काहीच नव्हतं.

"मला तू फार आवडतोस," ती म्हणाली. एवढं स्पष्ट ती कधी बोलली नव्हती. "आता येऊ नकोस मागं."

तो आला नाही. तो थांबला, कारण तिनं थांब म्हटलं होतं. तो नेहमीच ऐकायचा. आणि रिक्षात बसेपर्यंत तिला वाटत राहिलं की या एका वेळी त्यानं ऐकायला नको होतं.

स्टँडवर पाथर्डीची गाडी लागलेली होती. आईला बसवून द्यायचं आणि आपण खोलीवर जायचं, असा विचार करून ती आत चढली, खिडकीजवळची जागा धरली, आईला आत सरकवलं आणि शेजारी टेकली. आता आई बोलेल, म्हणेल, एवढं सोन्यासारखं ठिकाण, नावात काय मेलं हाय. यशोधरानं त्याची उत्तरं जुळवून ठेवली होती. बाहेर एक बाई पेरू विकत होती. इंजिन सुरू होऊन बंद पडलं.

"त्या बाईनं ताट मांडीवर ठिवलं ना," आई म्हणाली, बाहेरच बघत, "तवा हितं," तिनं मूठ गळ्याखाली ठेवली, "हितं पेटलं. उचलून भिरकावून द्यावं वाटलं."

यशोधराला आधी कळलंच नाही. "काय?"

"तुज्या बानं किती हौसंनं ठिवलेलं नाव."

"पण तू तर... तू झ्याक म्हणालीस. दाणा नीट केलास तू, आई. मी बघितलं."

"हात थरथरत हुता. कुटंतरी ठिवायचा का न्हाई?" भागिरथी वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि लाल होते. "तुला काय वाटतं, मला कळत न्हाई? लागत न्हाई? आगं, मुकादमानं सावली चांगली हाय म्हटलं तवापासून लागतंय. येक बी बारी सुटली न्हाई. पर्त्येक टायमाला नव्यानं लागतं बघ, पयल्यावानीच. मला वाटायचं, आज सवय हुईल, उद्या हुईल. हुतच न्हाई."

"मग बोलली का नाहीस? आज तरी?"

"तुला त्यो आवडत हुता," आई म्हणाली. "तू चार वर्सं त्याचं नाव घेतलं की कशी दिसतीस, मला म्हाईत हाय. मला वाटलं, गिळू आजून येक. यवढी गिळली."

यशोधरानं सगळा दिवस मांडलेला हिशेब चुकला होता. ज्या चेहऱ्यावर तिनं काहीच वाचलं नव्हतं तिथं सगळं होतं, तीस वर्षांचं, एकही न विझलेलं, आणि ती, वाचायला शिकलेली, शेजारी बसून म्हणाली होती की इथं काही नाही. तिनं आईचा हात धरला. तो भट्टीतून काढलेल्या विटेसारखा गरम होता. आणि मग तिच्या स्वतःच्या आत कुठूनतरी सुरू झालं, ताप चढावा तसं. रविराजचे ओले केस, जिन्यात कल्ल्यांबद्दल बोलणारा रविराज, आता फाटकापाशी एकटा उभा असेल तो, पूजा म्हणून हसला तो, सगळं एकदम, वेगळं करता न येणारं. ती पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकवून रडू लागली, मोठ्यानं, लोक बघत असताना.

"आवडतो अजून," ती म्हणाली. "अजून आवडतो गं."

"ठावं हाय."

"कसं करू?"

आईनं पदर सोडवून लेकीच्या डोक्यावरून घेतला, उन्हात पोराला झाकावं तसा, आणि पाठीवर हात ठेवला, फिरवला नाही, नुसता ठेवला. गाडी सुरू झाली. स्टँडमधून वळून बाहेर पडली तेव्हा यशोधरा उतरायची राहिली होती. कंडक्टर खांबाला धरत येऊन उभा राहिला, पदराखालच्या डोक्याकडं बघून थोडा घुटमळला आणि म्हणाला, "मावशी, ह्या ताई कुठपर्यंत?"

"माज्याबरुबर," भागिरथी म्हणाली. "घरापत्तुर."